मारुती ८००ला बसवा भंगारातला बूस्टर

बॉनेट उघडा आणि ड्रायव्हरच्या समोरची बाजू बघा. केबिनच्या पत्र्याला लागून काळा, गोल, बुटक्या डब्याएवढा ड्रम दिसतोय? दिसत असेल तर बॉनेट लावून चहा घ्या, तुमच्या गाडीला ब्रेकचा बूस्टर आहे. ड्रम नसेल आणि ब्रेक ऑइलची बाटली डोक्यावर घेतलेला मास्टर सिलेंडर थेट पत्र्यालाच आवळलेला असेल, तर ही कृती तुमच्यासाठी आहे. बिनएसीच्या अनेक जुन्या ८०० अशाच बूस्टरशिवाय आल्या. नळदुर्गच्या बाजाराच्या दिवशी मधेच बैल आडवा आला की अशा गाडीच्या पेडलवर अक्षरशः उभं राहावं लागतं, हे तुम्हाला सांगायला नको.

८००चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. त्यामुळे भंगारात या गाड्या भरपूर आहेत आणि एसीवाल्या ८००चा बूस्टर मिळणं अवघड नाही. आपल्याला नळदुर्गहून सोलापूर जवळ, साधारण ४५ किलोमीटर. सकाळी निघालात तर दुपारी जेवायला घरी.

एकच नियम शेवटपर्यंत पाळायचा: लोखंड जुनं चालेल, रबर जुनं चालणार नाही.

डिझेल जीपवाल्यांनी मात्र इथेच थांबा. बूस्टर पेट्रोल इंजिनाच्या ओढीवर चालतो. डिझेलला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, ते काम निराळं.

भंगारात जाण्याआधी

१. धाराशिवच्या आरटीओत विचारून या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करू देत नाही. त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या गाडीतला भाग बसवायचाय हे स्पष्ट सांगा. दुसऱ्या मॉडेलचा बूस्टर “बसतोय की” म्हणून ठोकू नका.

२. आपल्या गाडीच्या मास्टर सिलेंडरचे, त्यातून निघणाऱ्या पाइपांचे आणि आतल्या पेडलचे मोबाइलवर फोटो काढा. भंगारात उभं राहून आठवायला गेलात तर हमखास चुकाल.

३. गाडी कार्ब्युरेटरची आहे की एमपीएफआय, ते कागदावर लिहा. बूस्टरची नळी जिथे जोडायची तो इनटेक मॅनिफोल्ड दोन्हींत वेगळा असतो.

४. पिशवीत पाने, गोटी पाने, पक्कड, जाड पुठ्ठा, पेन आणि जुने कपडे भरा. पुठ्ठा विसरू नका, तो सगळ्यात महत्त्वाचा आहे.

भंगारात

५. जागेवर उभी असलेली, अजून न उकललेली एसीवाली ८०० शोधा. सुटे बूस्टर ढिगात पडलेले असतात, पण ते कुठल्या गाडीचे हे भंगारवाल्यालाही ठाऊक नसतं.

६. गाडी पुढून ठोकलेली नाही ना, बघा. तोंड चेपलेल्या गाडीतला बूस्टर वरून धड दिसतो, आत त्याचा दांडा वाकलेला असू शकतो.

७. मास्टर सिलेंडर बूस्टरपासून सोडवा. पाइप कापून काढायची घाई करणाऱ्या पोराला थांबवा, ते पाइपही आपल्याला न्यायचेत.

८. बूस्टरच्या तोंडात बोट घाला. बोट कोरडं आलं तर पुढे जा. ब्रेक ऑइलने ओलं, बुळबुळीत आलं तर तो बूस्टर तिथेच ठेवा: मास्टरचं सील गळून ऑइल आत गेलंय आणि आतला रबरी पडदा खराब झालेला असणार. भंगारवाला म्हणेल, “साहेब, पुसून घ्या, होतंय.” होत नाही.

९. बूस्टरच्या दोन अर्ध्या वाट्या जिथे दुमडून जोडल्यात ती कड बोटाने चाचपा. गंजाने फुगलेली किंवा ठोकलेली कड हवा धरत नाही.

१०. बूस्टर कानाशी धरून हलवा. आत काही खुळखुळलं किंवा डचमळलं तर परत ठेवा.

११. आतून ब्रेक पेडल त्याच्या ब्रॅकेटसकट सोडवून घ्या. बूस्टरवाल्या गाडीच्या पेडलची ठेवण वेगळी असू शकते. एकटा बूस्टर घरी आणून मग पेडलसाठी दुसरी चक्कर मारणारे खूप आहेत.

१२. बूस्टर निघाल्यावर केबिनच्या पत्र्यावर पुठ्ठा दाबून धरा आणि भोकांच्या जागा पेनने उमटवा. वरची बाजू कुठली त्यावर बाण काढा, नाहीतर घरी पुठ्ठा उलटा धराल.

१३. जोडीच्या सगळ्या वस्तू एका पोत्यात टाका: बूस्टर, त्याचा ब्रॅकेट, पेडल, पिन, मास्टर सिलेंडर, लोखंडी पाइप, मॅनिफोल्डवरचा नळी जोडायचा निपल आणि नळीतला एकतर्फी व्हॉल्व्ह. पिन हरवली म्हणून तिथे खिळा घालायचा नाही, म्हणजे नाहीच.

१४. पावती मागा आणि तिच्यावर त्या गाडीचा चासी नंबर लिहून घ्या. चोरीच्या मालाचा संशय आला तर हाच कागद कामाला येतो.

१५. “चालला नाही तर बदलून” हे पैसे देण्याआधी बोलून घ्या. पैसे दिल्यावर बोललेलं कुणी ऐकत नाही.

स्पेअर पार्टच्या दुकानात

१६. भंगारातल्या मास्टर सिलेंडरच्या अंगावर उठवलेलं माप वाचा आणि त्याच मापाचा नवा मास्टर मागा. जुना मास्टर फक्त नमुना म्हणून आणलाय. नवा मिळालाच नाही तर जुन्याचं किट बदलता येतं, पण आतल्या नळीला नखाला लागेल एवढाही खड्डा असेल तर तो टाकून द्या.

१७. पुढच्या चाकांकडे जाणारे दोन्ही आणि मागचे रबरी होज नवे घ्या. बूस्टर आला की पाइपांत दाब वाढतो, जुना होज नेमका तेव्हाच फुटतो.

१८. पुढचे ब्रेक पॅड नवे घ्या.

१९. व्हॅक्यूमची जाड नळी बूस्टरसाठी म्हणूनच मागून घ्या, मीटरवर मिळते. पाण्याची किंवा गॅसची साधी नळी इंजिनाच्या ओढीने आत चपटी होते आणि ब्रेक ऐनवेळी दगडासारखा कडक होतो.

२०. डॉट ३चं ब्रेक ऑइल सीलबंद डब्यात घ्या. अर्धवट वापरलेली बाटली फुकट दिली तरी नको, ते हवेतलं पाणी शोषत बसलेलं असतं.

टेबलावर

आता सगळं सामान पसरा. हात धुऊन या, टेबलावर स्वच्छ कापड घाला.

२१. बूस्टर बाहेरून कोरड्या ब्रशने झाडा आणि कापडाने पुसा. पेट्रोल, डिझेल, ग्रीस यांतलं काहीही ब्रेकच्या रबराला लावायचं नाही. गॅरेजमध्ये डिझेलच्या तसराळ्यात सगळं धुतात हे मी पाहिलंय, तुम्हीही पाहिलं असेल. त्याने रबर फुगतं आणि थोड्या दिवसांत ब्रेक चिकटायला लागतात.

२२. एकतर्फी व्हॉल्व्ह पुसून तोंडाने फुंकून बघा. बूस्टरच्या बाजूने फुंकलं की हवा जाते, इंजिनाच्या बाजूने फुंकलं की अडते. दोन्हीकडून जात असेल तर नवा आणा, त्याची किंमत किरकोळ आहे.

२३. नवा मास्टर व्हाइसमध्ये हलकेच धरा. जबड्यात कापड ठेवा, अॅल्युमिनियम दाबलं की चेपतं.

२४. मास्टरच्या दोन्ही तोंडांना छोट्या नळ्या लावून त्यांची टोकं त्याच्याच बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा.

२५. बोथट दांड्याने आतला पिस्टन सावकाश दाबा आणि सावकाश सोडा, बुडबुडे थांबेपर्यंत. ही पायरी गाळली तर गाडीवर बसवल्यावर कितीही पंप मारा, पेडल लिबलिबीतच राहतं.

२६. आता दांड्याचं अंतर तपासा. बूस्टरच्या पुढच्या दांड्याच्या टोकावर पोरांच्या खेळण्यातल्या क्लेची बारीक गोळी चिकटवा, मास्टर त्यावर बसवून नट हाताने आवळा, मग मास्टर काढून गोळी बघा.

इथे जरा थांबा, सगळी मेख इथेच आहे. गोळी दबून मिलिमीटरच्या आतला पापुद्रा उरला तर अंतर बरोबर. गोळी तशीच गोल राहिली तर अंतर जास्त आहे, पेडल खोल जाईल. गोळी पार चिरडून धातूला धातू लागला तर दांडा मास्टरला कायम ढकलत राहणार. गाडी अंगणात छान चालेल, पण शेजारचं अणदूर गाठेपर्यंत चाकं तापून आपोआप ब्रेक धरायला लागतील. अंतर चुकलं तर दांड्याच्या टोकाचा नट फिरवून जुळवा आणि नवी गोळी लावून पुन्हा बघा.

२७. क्लेचा कण न् कण पुसून काढा.

जुनं काढा

२८. गाडी सपाट जागी लावून मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. हँडब्रेकवर विसंबू नका.

२९. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

३०. मास्टरच्या बाटलीतलं जुनं ऑइल इंजेक्शनच्या सिरिंजने ओढून घ्या. रंगावर थेंब पडला तर लगेच पाणी ओता, ब्रेक ऑइल रंग सोलून काढतं.

३१. मास्टरचे लोखंडी पाइप सोडवा. साध्या पान्याने नटाचे कोपरे गोल होतात. पाइपावरून घालता येतो असा खाचेचा रिंग पाना घ्या, आणि नट हलत नसेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून थोडा वेळ द्या.

३२. पाइपांच्या तोंडांना रबरी टोप्या लावा. धूळ आत गेली तर नवा मास्टर पहिल्याच दिवशी ओरखडेल.

३३. आतून पेडलची पिन काढा.

३४. जुना मास्टर उतरवा.

३५. तुमचा पुठ्ठा पत्र्यावर धरा. भोकं जुळली तर पुढे जा. जुळली नाहीत तर ड्रिल हातात घेऊ नका, पत्र्याच्या कामाच्या चांगल्या मिस्त्रीकडे पुठ्ठा आणि बूस्टर दोन्ही न्या, तो मागून पट्टी वेल्ड करून भोकं पाडेल. नुसत्या पातळ पत्र्यावर बूस्टर लावला तर ब्रेक दाबताना पत्राच वाकतो.

३६. जुना पेडल ब्रॅकेट काढा. क्लचची केबल त्याला अडकलेली असेल तर आधी ती ढिली करा, ओढाताण केली की केबलची एकेक तार तुटायला लागते.

नवं बसवा

३७. भंगारातून आणलेला पेडल ब्रॅकेट जागेवर धरून नट बोटांनीच लावा. अजून आवळायचे नाहीत.

३८. इंजिनाच्या बाजूने बूस्टर त्याच्या ब्रॅकेटसकट बसवा. मध्ये गॅस्केट विसरलात तर पावसाळ्यात पाणी तुमच्या पायावर टपकेल.

३९. सगळे नट आलटून पालटून, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा.

४०. बूस्टरचा मागचा दांडा पेडलला पिनने जोडा आणि पिनला नवी स्प्लिट पिन घालून तिची टोकं वाकवा. जुनी स्प्लिट पिन सरळ करून वापरायची नाही. दोन रुपयांची वस्तू आहे, पण ती तुटली तर पाय हवेत जातो.

४१. पेडल बोटाने हलवून बघा. दांडा जाणवायच्या आधी काही मिलिमीटर मोकळी हालचाल हवी. मुळीच नसेल तर ब्रेक लाइटचा स्विच पेडलला दाबतोय का ते पहा आणि त्याचा नट ढिला करून मागे घ्या.

४२. टेबलावर भरून ठेवलेला मास्टर बूस्टरला लावा.

४३. लोखंडी पाइप जोडा. बूस्टरमुळे मास्टर पुढे आलाय, म्हणून जुने पाइप ताणावे किंवा मुडपावे लागतील. तसं करू नका, भंगारातल्या गाडीचे आणलेत ते लावा. ते गंजलेले असतील तर त्याच मापाचे बंडी पाइप टोकं दुहेरी दुमडून बनवून घ्या. फ्रिजवाल्याचा तांब्याचा पाइप इथे चालत नाही, मिस्त्री कितीही शपथा घेऊ दे.

४४. प्रत्येक नट आधी हाताने दोन-तीन आटे फिरवा, मग पाना लावा. तिरका बसलेला नट नव्या मास्टरचे आटे खाऊन टाकतो.

४५. मॅनिफोल्डवर निपल बसवा. तुमच्या मॅनिफोल्डवर त्या जागी बूच असेल तर ते काढून तिथेच. डिस्ट्रिब्यूटरकडे जाणाऱ्या बारीक नळीला टी लावून काम भागवू नका. त्याने इंजिनही बिघडतं आणि ब्रेकही मिळत नाही.

४६. जाड नळी एकतर्फी व्हॉल्व्हसह जोडा आणि दोन्ही टोकांना क्लिप आवळा. व्हॉल्व्हवरचा बाण इंजिनाकडे हवा, आणि नळी सायलेन्सरच्या गरम पाइपापासून लांब.

चाकांकडे

४७. गाडी जॅकवर उचलून लोखंडी घोडीवर टेकवा. विटांवर नाही. विटा न सांगता फुटतात.

४८. नवे होज लावा. लावताना पीळ पडू देऊ नका, आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून होज टायरला घासत नाही ना ते बघा.

४९. डिस्कची जाडी व्हर्नियरने मोजा आणि डिस्कवर उठवलेल्या कमीत कमी जाडीशी ताडून बघा. त्याखाली गेली असेल तर डिस्क बदला.

५०. नवे पॅड बसवा. हाताला ग्रीस असेल तर आधी धुवा.

५१. मागचे लायनर ड्रमला हलके घासतील इतके जुळवून घ्या. हे ढिले राहिले तर पुढचं सगळं बरोबर असूनही पेडल खाली जातं, आणि तुम्ही उगाच बूस्टरला बोल लावाल.

हवा काढा

यासाठी घरातलं एक माणूस पेडलवर बसवा. शब्द तीनच: “दाब”, “धर”, “सोड”. सांगितल्याशिवाय पाय उचलायचा नाही, हे आधीच बजावा. इंजिन बंदच ठेवा.

५२. बाटली ऑइलने भरा. पूर्ण काम होईपर्यंत ती अर्ध्याखाली जाऊ देऊ नका, रिकामी झाली की पहिल्यापासून सुरुवात.

५३. मास्टरपासून सगळ्यात लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरू करा. तिथे ब्लीडर नसेल तर मागच्या ज्या चाकावर असेल त्यावर.

५४. ब्लीडरला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवा.

५५. “दाब” म्हणा. तीन-चार वेळा सावकाश दाबल्यावर म्हणा, “धर.”

५६. ब्लीडर पाव फेरा उघडा. बुडबुडे निघतील आणि पेडल खाली जाईल.

५७. ब्लीडर बंद करा, आणि मगच “सोड” म्हणा. क्रम उलटा झाला की बाहेरची हवा आत जाते.

५८. बुडबुडे थांबून स्वच्छ ऑइल येईपर्यंत हेच करा, मग मागचं उजवं, पुढचं डावं आणि शेवटी पुढचं उजवं चाक घ्या. निघालेलं ऑइल परत बाटलीत ओतायचं नाही.

तपासा

५९. बॅटरीची वायर परत जोडा. इंजिन बंद असतानाच पेडल पाच-सहा वेळा दाबून, दाबूनच धरा.

६०. तसंच धरून इंजिन चालू करा. पेडल पायाखाली किंचित आत गेलं पाहिजे. गेलं नाही तर नळी, क्लिप आणि व्हॉल्व्हची दिशा पुन्हा तपासा.

६१. इंजिन एक-दोन मिनिटं चालवून बंद करा आणि पेडल थोड्या थोड्या वेळाने दाबा. पहिल्यांदा खोल जाईल, दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा वर वर येत जाईल. पहिल्याच वेळी कडक लागलं तर बूस्टर हवा सोडतोय. पावती काढा, सोलापूरला जा.

६२. इंजिन चालू ठेवून पेडल दाबा, दाबलेलं असतानाच इंजिन बंद करा आणि अर्धा मिनिट धरा. पेडल जागचं हलता कामा नये. हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी ऑइल गळतंय किंवा मास्टर आत सोडतोय, गाडी रस्त्यावर आणू नका.

६३. पेडल जोरात दाबून धरायला सांगा आणि प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा. ओलसर डाग उमटला की तो नट पुन्हा बघा.

६४. ब्रेकचं काम करणाऱ्या अनुभवी मिस्त्रीला एकदा सगळं दाखवा. चारचौघांत कमीपणा वाटत असेल तर संध्याकाळी बोलवा.

६५. सकाळी लवकर, गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात चालण्याच्या वेगाने ब्रेक लावून बघा. हायवेवर नको. तिथे मागचा ट्रक तुमची चाचणी चाललीय हे समजून घेणार नाही.

६६. मग वेग थोडा थोडा वाढवा. पाय हलकाच ठेवा: जुन्या सवयीने पेडलवर उभे राहिलात तर कपाळ काचेला लागेल. गाडी एका बाजूला ओढत असेल तर थांबा आणि दोन्ही बाजूंचे पॅड आणि होज बघा.

६७. दहाएक मिनिटं चालवून झाल्यावर उतरून चारही चाकांजवळ हाताची मागची बाजू न्या. एकच चाक भाजण्याइतकं तापलं असेल तर त्या चाकाचा ब्रेक चिकटतोय. चारही तापली असतील तर पायरी २६ आणि ४१ पुन्हा करा.

६८. पहिला आठवडा रोज सकाळी बाटलीतली ऑइलची पातळी बघा. पातळी हलली नाही तर मग पाहुण्यांना घेऊन तुळजापूरच्या घाटात जा.

६९. भंगाराच्या आणि दुकानाच्या पावत्या आरसी बुकाच्या पाकिटात ठेवा. रिपासिंगच्या वेळी साहेब बॉनेट उघडतात तेव्हा त्या लागतात.